ठोक व चिल्लर

आमच्या नागपुरात इतवारीच्या बाजारातून चालताना दुकानांच्या पाट्यांवर एक ओळ हमखास दिसते : ‘ठोक व चिल्लर विक्रेते’. पुण्या-मुंबईचा पाहुणा ही पाटी वाचून थबकतो. चिल्लर म्हणजे त्याच्या मते सुटे पैसे, आणि सुटे पैसे विकणारा दुकानदार त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. मग त्याला समजावून सांगावं लागतं की, बाबा रे, तुमच्याकडे ज्याला घाऊक आणि किरकोळ म्हणतात, ते आमच्याकडे ठोक आणि चिल्लर. तुरीच्या डाळीची शंभर पोती हवी असतील तर ठोक, पाव किलो हवी असेल तर चिल्लर. दुकान एकच, माल एकच, गादीवर बसलेला शेठही एकच. फरक इतकाच की ठोकाचं गिऱ्हाईक आलं की शेठ अर्धवट उठून ‘या या’ म्हणतो, चहा मागवतो. चिल्लरवाल्याला तो नुसतं बोटानं नोकराकडे दाखवतो.

देवाचं दुकानही ठोक व चिल्लरच आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मात्र तिथे उलटा प्रकार. तिथे शेठला चिल्लर विक्रीत काही कमीपणा वाटत नाही. गिऱ्हाईकच चिल्लर मालाकडे ढुंकून बघत नाही. आपण देवाकडे जातो ते ठोकाचा भाव काढायला. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, प्लॉटचा दावा, आणि वय झालं की एखादं ऑपरेशन. असं काही पदरात पडलं की मग सत्यनारायण होतो, पेढे वाटले जातात, शेगावला जाऊन गजानन महाराजांचं दर्शन होतं. पण आज जिना उतरताना गुडघा कुरकुरला नाही म्हणून कुणी सत्यनारायण घातल्याचं ऐकिवात नाही. मेच्या मध्यावर कूलरची मोटर जळाली नाही, सकाळी दूध नासलं नाही, बर्डीवर पोह्यांच्या गाडीपाशी आपला नंबर येईपर्यंत तर्री संपली नाही, ह्या गोष्टी आपण कुठल्याच खात्यात मांडत नाही. त्या नुसत्या येतात आणि जातात. त्यांची पावती नाही.

प्रार्थनेचंही तसंच. रेल्वे स्टेशनजवळच्या आमच्या टेकडीच्या गणपतीला मंगळवारी जाऊन बघा. त्यातून परीक्षेचे दिवस असले तर विचारूच नका. पोरं पेपरला जाण्याआधी येतात, निकालाच्या आदल्या दिवशी येतात. निकालानंतर येणाऱ्यांची रांग मात्र पुष्कळच आटोपशीर असते. मी त्यांना नावं ठेवत नाही. माणूस अर्ज करतो तो काम होण्याआधीच, काम झाल्यावर अर्ज कोण लिहितो? शिवाय ही टेकडी साधीसुधी नव्हे. इथेच सीताबर्डीला १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज लढले. दोन्ही बाजूंनी आपापल्या देवाला हाका घातल्याच असतील. आता दोन अर्ज परस्परविरुद्ध असले की एक नामंजूर होणारच. त्या वेळी आपला झाला. देवाची मंजुरी-नामंजुरी हे प्रकरण असं अवघड आहे, आणि त्या अवघड जागी मी शेवटी येणारच आहे. तूर्त चिल्लर मालाकडे वळू.

तसं पाहिलं तर नागपूरचा माणूस दिवसातून पन्नासदा देवाचं नाव घेतो, फक्त त्याचा तसा उद्देश नसतो. ‘बाप्पा!’ हा आमचा उद्गार आहे. टमाटरचा भाव ऐकला, ‘बाप्पा!’ पाहुणे सहा यायचे ते अकरा आले, ‘बाप्पा बाप्पा!’ दुपारी दार उघडलं आणि झळ तोंडावर आली, ‘अरे बाप्पा!’ गंमत अशी की वाईट घडलं तरच बाप्पा, असं नाही. संत्रं सोललं आणि पहिलीच फोड साखरेसारखी लागली तरी ‘बाप्पा! किती गोड आहे जी!’ पहिल्या पावसाचा वास आला तरी बाप्पाच. म्हणजे जे काही डोळ्यांत भरण्यासारखं आहे, त्याच्यावर नागपूरकर देवाच्या नावाचा शिक्का मारून मोकळा होतो. प्रार्थनेचा अर्धा भाग इथेच झाला. उरलेला अर्धा म्हणजे, आपण काय म्हणालो ते आपल्याला ऐकू येणं.

हा उरलेला अर्धा भाग आमच्या मोठ्या आईला जमत असे. मोठी आई म्हणजे माझी आजी. देवापाशी दिवा लावला की ती डोळे मिटून त्या दिवसाचा हिशेब द्यायची, आणि तो मोठ्यानं. ‘आज ताक आंबलं नाही रे बाप्पा. विहिरीत बादली पडली होती, ती गळाला लागली. धाकट्याचा ताप उतरला. मोलकरणीच्या पोराला शाळेत घेतलं. आणि यांनी आज भाजीत मीठ कमी म्हटलं नाही.’ यातला शेवटचा मुद्दा आजोबांना ऐकू जावा याची व्यवस्था केलेली असे. आम्ही पोरं तोंडात बोळे कोंबून हसायचो. आजोबा सुधारक विचारांचे. ते एकदा वैतागून म्हणाले, ‘तुझा देव काय तहसील कचेरीतला कारकून आहे, ह्या नोंदी ठेवायला?’ मोठी आई शांतपणे वात सारत म्हणाली, ‘कारकून कायले असंन? घरचा आहे. घरच्याले सांगा लागते.’

‘घरचा आहे’ ह्या दोन शब्दांत आपल्याकडच्या संतांची निम्मी परंपरा आली, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. इतरांच्या देवांनी समुद्र दुभंगवले, पर्वत हलवले. आपल्या मराठी देवानं काय केलं? जनाबाईबरोबर जात्यावर बसून दळण दळलं. तिचं धुणं धुतलं, तिची वेणीफणी केली. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी तो श्रीखंड्या नाव सांगून गडी म्हणून राहिला आणि बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं. ज्या रांजणात पाणी भरलं, तो रांजण पैठणला नाथांच्या वाड्यात अजून दाखवतात आणि नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात पाणी ओततात. हे सगळं चिल्लर खातं! दळण, धुणं, पाणी. वैकुंठ सोडून आला तो घरकामाला.

पण त्या श्रीखंड्याच्या कथेतली खरी मेख दुसरीच आहे. बारा वर्षं तो नाथांच्या घरात वावरला आणि नाथांनी त्याला ओळखलं नाही! द्वारकेहून देवाला शोधत एक ब्राह्मण आला, त्यानं चौकशी केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. आणि तोवर श्रीखंड्या निघूनही गेलेला. आता नाथ म्हणजे कोण? गाढवाला गंगाजल पाजणारा, ज्याला त्याला देव पाहणारा महात्मा. त्यांची ही गत, तर आपण सकाळी वर्तमानपत्र वाचत चहा पिणारी माणसं. आपल्या घरी देव पाणी भरून गेला तर आपण फार तर म्हणू, ‘आज प्रेशर बरं आहे.’

माझ्या लेखी छोट्या कृपेची अडचण इथे आहे. ती इतकी वेळेवर आणि इतक्या साध्या कपड्यांत येते की तिला कृपा म्हणावंसं वाटत नाही. ती थांबली की मग कळतं. श्वास आहे हे दम्याच्या माणसाला कळतं. वीज आहे हे ती गेल्यावर कळतं. एकदा तर ह्याचं प्रात्यक्षिक खुद्द हवामानखात्याच्या यंत्रानं आम्हाला दिलं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली. बातमी वणव्यासारखी पसरली. नागपूरकर तसा उन्हाला भिणारा नाही. २३ मे २०१३ चे ४७.९ अंश त्यानं पचवलेले आहेत, आणि परगावच्या माणसाला तो हा आकडा स्वतःच्या पगारासारखा वाढवून सांगतो. पण ५६ म्हटल्यावर तोही खाली बसला. आमच्या घरी खिडक्यांवर ओल्या चादरी चढल्या, कांद्याला मागणी आली, आणि मला घाम येतो आहे की मी वितळतो आहे हे मी दर पाच मिनिटांनी तपासू लागलो. पुढे हवामानखात्यानं खुलासा केला की यंत्रात बिघाड होता, खरं तापमान पंचेचाळिसाच्या आसपास. काय सांगू, घरभर गारवा पसरला! ऊन तेच, पंखा तोच, घाम तोच. पण अकरा अंश उतरले होते. ‘चला, पंचेचाळीसच आहे,’ असं म्हणत आमची ही उन्हात पापड टाकायला गेली. एरवी पंचेचाळीस अंशाला देवाचे आभार मानणारी व्यक्ती जगात कुठे सापडली असती का?

म्हणजे कृपा ही वस्तूत कमी आणि बघण्यात जास्त असते, असा सिद्धान्त काढून मी इथे हात झटकले तर पुष्कळ वाचक खूश होतील आणि लेखही वेळेत संपेल. पण त्या अवघड जागी येतो म्हणालो होतो. आकड्यांच्या चुकीवर काढलेला सिद्धान्त पुरात टिकतोच असं नाही.

२०२३ साली आमच्याकडे महालक्ष्म्यांचं पूजन २२ सप्टेंबरला होतं. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी माहेरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी परत जातात. त्यांचं जेवण म्हणजे घरच्या बायकांची वर्षाची परीक्षा : पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, आणि पंगतीवर पंगती. त्या रात्री अर्धं नागपूर दमून झोपलं होतं. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळलं. १८७० साली गावाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला, आणि एरवी जिला आम्ही गमतीनं नाला म्हणतो ती नाग नदी, आपण नदी असल्याचं सांगत घराघरांत शिरली. पहाटे लोकांना काढायला होड्या आल्या, सैन्य आलं. चार तरी माणसं त्या पावसात गेली.

आमचं घर चढावर. पाणी तिसऱ्या पायरीशी येऊन थांबलं. सौ.नं दिव्याच्या उजेडात ते पाणी पाहिलं, आत जाऊन महालक्ष्म्यांपुढे हात जोडले आणि म्हणाली, ‘वाचवलं गं माय तुम्ही आपल्या घराला.’ ती हे म्हणते न म्हणते तोच दार वाजलं. उतारावरच्या शेवटच्या घरातल्या काकू, नखशिखान्त भिजलेल्या, आणि पदरात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं. ‘वहिनी,’ त्या म्हणाल्या, ‘यांना जरा ठेवता का तुमच्याकडे? घरात कमरेएवढं पाणी आहे. उपाशी नाहीत त्या, काल जेवल्या आहेत.’ पदरात दोन मुखवटे होते.

सौ. काही बोलली नाही. मीही नाही. बोलण्यासारखं काय होतं? दोन्ही घरी त्याच देवी, तीच आंबील, त्याच सोळा भाज्या. काकूंची तर सतरावी म्हणून एक चटणीही असते. आमच्या देवीनं आम्हाला वाचवलं हे खरं मानलं, तर त्यांच्या देवीनं काय केलं? आभार मानण्यासाठी उघडलेलं तोंड तिथेच मिटतं. तुम्हीही कधी ना कधी ह्या पायरीवर उभे राहिला असाल. अपघातातून आपण वाचतो आणि शेजारच्या सीटवरचा जात असतो. आपला मुलगा निवडला जातो तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी राहिलेला असतो. आपली कृपा मोजायची म्हणजे दुसऱ्याची अवकृपा मोजायची, असा हा जमाखर्च असेल तर तो न मांडलेला बरा.

पण उत्तर माझ्या डोक्यातून आलं नाही. ते काकूंनीच चहा पिता पिता, सहज बोलता बोलता दिलं. त्या म्हणाल्या, ‘आंबिलीचं पातेलं तरंगत तरंगत खाटेवर आपटलं, त्या आवाजानं जाग आली हो. नाहीतर आम्ही झोपेतच होतो. पोरांना गच्चीवर चढवलं. बाप्पा, ते पातेलं रिकामं होतं म्हणून तरंगलं! सगळ्यांनी आंबील संपवली म्हणून रिकामं होतं.’ आणि त्या चक्क हसल्या. जिचं धान्य, गाद्या, फ्रीज, मुलांची पुस्तकं पाण्यात होती ती बाई पातेल्याचे आभार मानत होती, आणि कोरड्या घरात बसून मी देवाचा न्यायनिवाडा करत होतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. कृपेची नोंद ज्याची त्यानं करावी. काकू पातेल्याला कृपा म्हणू शकतात, तो त्यांचा अधिकार. तेच मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं की, ‘काकू, बघा, देवानं पातेलं तरी वाजवलं,’ तर तो दुष्टपणा झाला असता. शब्द तेच, पण त्यांच्या तोंडी ती प्रार्थना आणि माझ्या तोंडी शहाणपणा. आणि ज्यांना कुठलंच पातेलं वाजून जागं करून गेलं नाही, त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलू नये. तिथे हात जोडावेत, पण ते स्पष्टीकरण म्हणून नव्हेत. आभार म्हणजे देवाच्या कारभाराचा खुलासा नव्हे. मोठी आई ताक का आंबलं नाही हे सांगत नव्हती. आंबलं नाही, एवढंच सांगत होती.

मग भरवसा कशाचा ठेवायचा? पाणी आपल्या तिसऱ्या पायरीवर थांबेल याचा? तो भरवसा नव्हे, विम्याची पॉलिसी झाली. आणि तिच्यातली बारीक अक्षरं कुणी वाचलेली नाहीत. त्या दिवशी सकाळी मी वेगळंच बघितलं. गल्लीच्या गणेशमंडळाची पोट्टी, ज्यांच्या लाउडस्पीकरबद्दल आमच्याकडे दरवर्षी एक बैठक होते आणि बैठकीचा आवाज लाउडस्पीकरमध्ये बुडून जातो, ती पोट्टी छातीएवढ्या पाण्यातून एका लकवा झालेल्या आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, खुर्ची चौघांनी खांद्यावर घेऊन, वर आणत होती. आजोबा वरून सूचना देत होते : ‘हळू रे, गणपती नाही मी, बुडवू नका!’ मंडपातला चहाचा मोठा गंज, प्रसादाचे पोहे, सतरंज्या, सगळं उताराकडे निघालं होतं. श्रीखंड्या पाणी भरायला येतो तसा कधी पाणी उपसायलाही येत असावा. आणि त्याचे कपडे नेहमीप्रमाणे साधेच. एकाच्या बनियनवर तर ‘नाद नाही करायचा’ असं लिहिलेलं होतं.

पुढचे चार दिवस घराघरांतला चिखल काढण्यात गेले. अशा वेळी आमच्याकडच्या जुन्या माणसांना तुकडोजी महाराज आठवतात. यावलीला १९०९ साली जन्मलेला, हातात खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेला हा राष्ट्रसंत. आता आमच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी विदर्भाला सामुदायिक प्रार्थना शिकवली. पण तिच्या जोडीला ग्रामसफाईही ठेवली. पूर्वी मला वाटे, हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, एक देवाचा आणि एक ग्रामपंचायतीचा. शेजारच्या घरातला चिखल टोपल्यानं बाहेर काढताना समजलं की तो एकच कार्यक्रम आहे. प्रार्थनेत आपल्याला जे दिसतं, त्याला हात लावणं म्हणजे सफाई. कृपा नुसती बघून भागत नाही, कधीतरी आपल्यालाही तिच्या नोकरीवर रुजू व्हावं लागतं.

महालक्ष्म्यांचं विसर्जन त्याच दिवशी, २३ तारखेला होतं. आमच्या पाटावर त्या दिवशी चार मुखवटे होते. सौ.नं आणि काकूंनी मिळून चौघींवर अक्षता टाकल्या आणि ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलं. काय मागितलं, मी विचारलं नाही. ‘वाचवलं’ हा शब्द मात्र सौ.नं त्यानंतर वापरलेला नाही. ती आता फक्त ‘आलात, बरं झालं’ असं म्हणते.

मीसुद्धा हल्ली झोपण्यापूर्वी मोठ्या आईसारखी यादी म्हणून बघतो. तिच्याइतकी लांब होत नाही. पाचव्या-सहाव्या बाबीवर झोप लागते, आणि ती सहावी बाब म्हणून धरायला हरकत नाही. यादीत माणसांची नावं घालण्याचा मात्र मी नियम केला आहे. ताक आंबलं नाही एवढ्यावर न थांबता ते कुणी झाकून ठेवलं, हेही सांगायचं. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याच्या कॅन पोचवायला एक नवा पोरगा येऊ लागला. चौथा मजला, लिफ्ट बंद, खांद्यावर वीस लिटर. पहिल्याच दिवशी मी त्याला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि आधी नाव विचारून घेतलं. त्यानं सांगितलेलं नाव अगदी वेगळंच होतं. पण नाथांना तरी त्यानं खरं नाव कुठे सांगितलं होतं!